योगोपचारक म्हणून काम सुरू करायचं असेल तर: शिक्षण, कायदा, पहिला पेशंट आणि पैशाचं गणित

'होलिस्टिक थेरपिस्ट' अशी पाटी लावायला आपल्याकडे कुणाची परवानगी लागत नाही. या नावाने नोंदणी करणारी वैद्यकीय परिषदच नाही. त्यामुळे शनिवार-रविवार कोर्स करून सोमवारी पाटी लावणारे गल्लोगल्ली दिसतात. पाटी लावल्यावर दारात येणारा माणूस मात्र खरा असतो. त्याची कंबर खरोखर दुखत असते, त्याची बीपीची गोळी चालू असते आणि 'तुम्ही सांगाल ते करतो' असं म्हणायची त्याची तयारी असते. त्या माणसासमोर बसण्याआधी काय-काय झालेलं असावं, हे इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी निवडीची. सगळ्या उपचारपद्धतींचं थोडं-थोडं शिकून कुणी उपचारक होत नाही. नाडी बघून औषध द्यायचं असेल तर बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीला, पर्याय नाही: साडेचार वर्षं आणि वर बारा महिन्यांची इंटर्नशिप. निसर्गोपचारात डॉक्टर व्हायचं तर बीएनवायएस, त्यालाही तेवढाच काळ लागतो. सुया टोचायच्या असतील तर अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. रेकी, क्रिस्टल, ऊर्जा-शुद्धी यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मनाला बरं वाटतं म्हणून कुणी करत असेल तर करो, पण ज्याचा परिणाम दाखवता येत नाही त्यावर आजारी माणसाकडून फी घेऊ नये.

मग उरतो योगोपचार. मी तोच सुचवतो. पदवी कुठल्याही शाखेची असली तरी यात येता येतं, सरकारी प्रमाणपत्राची सोय आहे आणि निदान काही तक्रारींवर तरी आधार भक्कम आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. गोळ्यांच्या आधी करून पाहायच्या उपायांमध्ये त्यांनी योगाचं नाव घेतलं आहे. ताण, झोप, जुनाट मानदुखी, गोळ्यांच्या जोडीने रक्तदाबाला थोडा हातभार, इतपत आपण बोलू शकतो. मधुमेह 'मुळापासून' घालवतो असं बोलू शकत नाही.

शिक्षण कुठे आणि किती

आधी स्वतःची साधना. वर्षभर एका शिक्षकाकडे नियमित गेल्याशिवाय कुठल्याही कोर्सचे पैसे भरू नका. स्वतःच्या गुडघ्याची कुरकुर ज्याने ऐकलेली नाही, त्याला दुसऱ्याच्या गुडघ्याचं काही कळत नाही.

त्यानंतर शिक्षकाचा अभ्यासक्रम. महाराष्ट्राचं भाग्य असं की या विषयातल्या जुन्या संस्था इथेच आहेत. सांताक्रूझचं योग इन्स्टिट्यूट १९१८ मध्ये श्री योगेंद्रांनी सुरू केलं. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना पोटात नेमकं काय होतं हे त्यांनी त्याच काळात बडोद्याच्या इस्पितळात एक्स-रे लावून पाहिलं. 'योग मीमांसा' हे त्यांचं नियतकालिकही तेव्हाचंच. योगोपचार शिकणाऱ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण आपल्या परंपरेत 'मोजून बघू' ही वृत्ती शंभर वर्षांची आहे. पुण्यात योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची संस्था १९७५ पासून आहे. दोऱ्या, पट्टे, लोड, खुर्च्या वापरून दुखऱ्या शरीराला आसनात कसं बसवायचं, हे तिथल्यासारखं फार कमी ठिकाणी दिसतं. त्या पद्धतीत शिक्षक व्हायला मात्र वर्षानुवर्षांची तयारी लागते. पदवी-पदविकेचा रस्ता हवा असेल तर रामटेकचं कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. निसर्गोपचाराची बाजू हाताने शिकायची असेल तर पुण्याची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था, म्हणजे डॉ. दिनशा मेहतांचं जुनं नेचर क्युअर क्लिनिक, आणि गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम ही दोन ठिकाणं आधी पाहून या.

सरकारी शिक्का हवा असेल तर तो योग सर्टिफिकेशन बोर्डाचा. आयुष मंत्रालयाखालचं हे बोर्ड लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतं. शिकवणाऱ्यांच्या पायऱ्या वेगळ्या आहेत: प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर (किमान २०० तास), वेलनेस इन्स्ट्रक्टर (४०० तास) आणि पुढे. उपचाराची शिडी निराळी असून तिची पहिली पायरी 'असिस्टंट योगा थेरपिस्ट' हीच ८०० तासांची आहे. दोनशे तासांचा कोर्स करून जो स्वतःला थेरपिस्ट म्हणतो, तो सरकारी मोजपट्टीवरही कमी पडतो. अमेरिकेतल्या 'योगा अलायन्स'चं २०० तासांचं प्रमाणपत्र इथे भिंतीवर फार दिसतं. पण ती शिक्षकांची खासगी नोंदणी आहे. तिच्याकडे नोंदलेल्या शिक्षकांनी त्या नोंदणीच्या जोरावर 'योग थेरपी' हा शब्द वापरू नये, असं धोरण त्या संस्थेने स्वतःच २०१६ मध्ये आणलं. परदेशात स्थायिक झालेल्या आणि तिकडे हे काम करू पाहणाऱ्या मराठी मंडळींनी हे आधीच वाचून घ्यावं.

कोर्स निवडताना माहितीपत्रकातले फोटो बघत बसू नका, तीन प्रश्न विचारा. शरीररचना कोण शिकवतं? खऱ्या पेशंटसमोर किती तास बसवता? प्रत्येक विद्यार्थ्याला किती केसेस शेवटपर्यंत लिहून द्याव्या लागतात? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर फी भरू नका.

उमेदवारी

हा टप्पा लोक गाळतात. प्रमाणपत्र हातात आल्यावर निदान वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली काम करा: योगोपचार केंद्र, फिजिओथेरपिस्टचं क्लिनिक, ज्येष्ठ नागरिक संघाचा सकाळचा वर्ग, काहीही चालेल. पैसे कमी मिळतील, कधी मिळणारही नाहीत. पण 'मणक्यात गॅप आहे', 'गादी सरकलीय', 'शीर दबलीय' असं म्हणणारे पाच वेगवेगळे लोक पाच वेगवेगळ्या कारणांनी दुखत असतात, हे तिथेच दिसतं. या काळात एमआरआयचा रिपोर्ट वाचायला शिका, निदान करण्यासाठी नव्हे, तर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते समजण्यासाठी. नेहमीच्या गोळ्यांची नावं आणि त्यांचं काम एका वहीत उतरवून ठेवा. प्रथमोपचार आणि सीपीआर हाताने शिका.

पहिली भेट: इथेच सगळं ठरतं

पहिल्या भेटीत आसनं शिकवू नका. पाऊण तास बोला आणि लिहा. ही भेट फुकट ठेवायचा मोह होतो, पण ठेवू नका. सगळ्यात जास्त कौशल्य इथेच लागतं.

त्रास काय, कधीपासून, कशाने वाढतो, कशाने उतरतो. डॉक्टरांनी काय सांगितलंय, रिपोर्ट कुठे आहेत. कोणत्या गोळ्या, किती वाजता. ऑपरेशन, पडणं, हाड मोडणं, हर्निया, काचबिंदू, गरोदरपण. 'बीपी आहे का?' विचारलं की लोक 'नाही' म्हणतात, कारण गोळीने ते नॉर्मल असतं. म्हणून 'बीपीची गोळी आहे का?' असं विचारा. झोप कशी आहे, दिवसभर बसून काम आहे की उभं राहून, घरात स्वयंपाक-धुणं कोण करतं, रोज खरोखर किती मिनिटं मिळतील. आणि शेवटी, तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवं? 'बरं वाटावं' हे उत्तर लिहू नका. 'श्रावणात मांडी घालून पूजेला बसता यावं', 'नातवाला उचलता यावं', 'एसटीत दोन तास बसता यावं', असं काहीतरी हाताला लागेपर्यंत विचारा. पुढे प्रगती त्याच मापाने मोजायची आहे.

काही उत्तरं ऐकली की वही मिटायची आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेलाय किंवा जांघेत बधिरपणा आलाय, पायातली ताकद कमी होत चाललीय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, कारण नसताना वजन उतरलंय, दुखण्यासोबत ताप आहे, छातीत दाबल्यासारखं होतं, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी अचानक सुरू झाली. यातलं एकही असलं तर त्या दिवशी श्वसनसुद्धा शिकवायचं नाही. मनाच्या तक्रारी घेऊन आलेला माणूस जगण्यात अर्थ नाही असं बोलला, तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करू नका. सरळ विचारा, घरच्या माणसाला सोबत घ्या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या आणि मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचवा. ध्यानाने सगळं शांत होईल असं सांगून अशा माणसाला एकट्याला डोळे मिटून बसवणं धोक्याचं असतं.

एक उदाहरण घेऊ. बावन्न वर्षांच्या शाळाशिक्षिका, तीन वर्षांची कंबरदुखी, बीपीची गोळी चालू, डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलेला. त्यांना काय हवंय? चौथा तास उभं राहून घेता यावा. त्यांना बारा आसनांचा तक्ता दिलात तर चौथ्या दिवशी तो फ्रिजवर अडकलेला राहतो. चारच गोष्टी द्या: पाय खुर्चीवर ठेवून पाठीवर पडून सावकाश पोटाने श्वास, गुडघे टेकून मार्जारासन, न थांबता वर-खाली होणारं सेतुबंध, कपाळ हातांवर टेकून मकरासन. वीस मिनिटं, रोज. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन इतक्यात नको. कमरेतून पुढे वाकणं अशा पाठीला बहुधा मानवत नाही. श्वास रोखायचा नाही, डोकं खाली-पाय वर असं काही नाही, जोराची कपालभाती नाही, कारण बीपी. शवासनातून उठताना आधी कुशीवर, मग बसून दोन श्वास, मग उभं. बीपीच्या गोळीवर असलेल्या माणसाला झटकन उठवलं तर भोवळ येते. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे दर पंधरा दिवसांनी त्यांनाच विचारून तारखेसह लिहा. सहा आठवड्यांत आकडा हलला नाही तर 'अजून श्रद्धेने करा' म्हणू नका, त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवा.

अशीच बंधनं प्रत्येक आजाराची असतात आणि ती पाठच हवीत. काचबिंदूला डोकं खाली जाणारी आसनं वर्ज्य. हाडं ठिसूळ झालेल्यांना पाठ गोल करून पुढे वाकवायचं नाही. हर्नियावाल्याच्या पोटावर दाब नाही. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणारी गोळी घेऊन पहाटे रिकाम्या पोटी येणाऱ्याला घाम, थरथर सुरू झाली तर ती 'शुद्धी' समजू नका. साखर खाली आलेली असते. वर्गात साखरेची पुडी ठेवा.

गोळी कमी करायची की बंद, हे तुम्ही कधीच सांगायचं नाही. 'आता योग करतेस ना, मग कशाला?' असं घरचे म्हणतात आणि पेशंट तुमच्याकडे बघतो. तेव्हा उत्तर एकच: डॉक्टरांना विचारा.

स्पर्शाबद्दलही पहिल्या भेटीतच बोला. आसन सुधारताना हात लावला तर चालेल का, हे विचारा आणि दर वेळी पुन्हा विचारा. घरी जाऊन शिकवत असाल तर दुसरं कुणी घरात असताना आणि खोलीचं दार उघडं ठेवून शिकवा. यात दोन्ही बाजूंची सुरक्षितता आहे. शेवटी एका कागदावर सही घ्या: हा उपचार वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, चालू औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बदलणार नाही, दुखलं तर लगेच सांगेन. कागद मराठीत असावा आणि वाचून दाखवावा.

कायद्याची कुंपणं

महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ चा. त्याच्या कलम ३३ प्रमाणे नोंदणी नसलेल्याने वैद्यकीय व्यवसाय करणं हा गुन्हा आहे. म्हणून नावाआधी 'डॉ.' नको, चिठ्ठीवर औषध नको, चूर्ण-काढ्यांची बरणी नको, निदान नको. एका पॅथीचं शिक्षण असलेल्या माणसाने दुसरी पॅथी वापरणं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच निष्काळजीपणा ठरवलं. त्या प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली होती. डॉक्टरची ही गत, तर आपली काय?

जाहिरातीसाठी १९५४ चा औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा वाचून काढा. तो मुख्यतः औषधं, ताईत, मंत्र यांच्याबद्दल आहे, आसनांबद्दल नाही. पण त्याला जोडलेली आजारांची यादी (मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, अपस्मार, पक्षाघात, लठ्ठपणा, वंध्यत्व वगैरे) मी स्वतःसाठी लक्ष्मणरेषा मानतो. त्यातल्या कशाहीपुढे 'खात्रीशीर', 'कायमचा', 'शंभर टक्के' हे शब्द लिहायचे नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीही तक्रार होऊ शकते. 'कंबरदुखी असणाऱ्यांसाठी योगवर्ग, संख्या मर्यादित' एवढं पुरतं. पेशंटचे आधी-नंतरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकायचे नाहीत. त्याने परवानगी दिली तरी नाही, असं मी म्हणेन.

कागदपत्रं

हे झटपट होतं. मोजकीच माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. लोक अजून तिला गुमास्ताच म्हणतात. छोट्या व्यवसायांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी करावी लागते, तो वर्षाला २,५०० रुपये. सेवांसाठी जीएसटीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे. तिथपर्यंत पोचलात तर सीए गाठा. बँकेत वेगळं खातं ठेवा, प्रत्येक फीची पावती द्या. घरी वर्ग घेणार असाल तर सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्या. पहाटे सहाच्या बॅचच्या गाड्या खाली लागायला लागल्या की कमिटीला सगळे नियम आठवतात. व्यावसायिक जबाबदारीचा विमाही बघून ठेवा.

जागा, फी आणि गणित

सुरुवातीला जागा भाड्याने घेऊ नका. दुपारी रिकामा असलेला नृत्यवर्गाचा हॉल, फिजिओथेरपिस्टची सकाळची न वापरलेली खोली तासावर मिळते. साहित्यात घडीच्या लोखंडी खुर्च्या, लोड, पट्टे, जाड सतरंज्या आणि रक्तदाब मोजायचं यंत्र घ्या. सिंगिंग बोल आणि सुगंधी दिवे पुढच्या वर्षीही घेता येतील.

गणित करून बघू. समजा एका वैयक्तिक सत्राची फी ६०० रुपये, दिवसाला चार सत्रं, महिन्याला बावीस दिवस. कागदावर ५२,८०० होतात. सणवार, लग्नं, परीक्षा, पाहुणे यात पाचवा हिस्सा गळाला असं धरलं तर ४२ हजारांच्या आसपास. भाडं, प्रवास, फोन, पुढचं शिक्षण असे १५ हजार काढले की हातात २७ हजार. तेही चार सत्रं रोज भरली तर, आणि ती भरायला वेळ लागतो. म्हणून सकाळची एक गटाची बॅच हवी. दहा जण, प्रत्येकी १,५०० रुपये, एवढ्याने भाड्याची चिंता मिटते. पण उपचाराच्या बॅचमध्ये दहापेक्षा जास्त लोक घेऊ नका. मागच्या रांगेतला माणूस मान कशी वळवतोय ते दिसलं पाहिजे. जानेवारीत वर्ग ओसंडतात, होळीपर्यंत निम्मे उरतात, गणपतीत कुणी येत नाही. फी महिन्याची न घेता तिमाही, आगाऊ घ्या. घरी जाऊन शिकवत असाल तर एका दिवसात एकच भाग. सकाळी कोथरूड आणि लगेच हडपसर असं करणारा स्वतःच पेशंट होतो. गरजूंसाठी एखाद-दोन जागा कमी फीच्या ठेवाव्यात, पण त्यांची संख्या आधी ठरवून. नाहीतर नाही म्हणता येत नाही आणि मग चिडचिड होते.

लोक कुठून येतात

जाहिरातीतून कमी, डॉक्टरांकडून जास्त. जवळचे दोन-तीन फॅमिली डॉक्टर, एक हाडांचे डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट यांना भेटा. भेटायला जाताना माहितीपत्रक नेऊ नका. त्यांच्याच एखाद्या पेशंटबद्दल, पेशंटची परवानगी घेऊन, अर्ध्या पानाचं पत्र न्या: तक्रार काय होती, काय दिलं, सहा आठवड्यांत दुखण्याचा आकडा कितीवरून कितीवर आला, काय टाळलं, तुमचा काही आक्षेप आहे का. डॉक्टरला भीती असते ती हा माणूस माझ्या पेशंटच्या गोळ्या बंद करेल याची. ती गेली की तो पेशंट पाठवायला लागतो. मोबदल्यात कमिशन देऊ नका, मागितलं तरी.

नोकरी असेल तर ती सोडायची घाई नको. सकाळी सहा ते आठ आणि शनिवार, एवढ्यात पहिलं वर्ष काढता येतं. सलग सहा महिने या कामातून घरखर्च निघाला आणि तेवढ्याच महिन्यांचा खर्च बाजूला पडला, तेव्हा राजीनाम्याचा विचार करा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सगळ्या वह्या काढून बसा आणि कोणत्या तक्रारीत आकडे खरोखर खाली आलेत ते बघा. पाठीचे आले असतील आणि दम्याचे नसतील तर पुढचा मोठा कोर्स पाठीचा करा. दम्याचा पेशंट आला की त्याला ज्याचे दम्याचे आकडे चांगले आहेत अशा सहकाऱ्याचा फोन नंबर द्या.